टेंभूरटोल्याची बरोबरी

लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं आहे. पुस्तक चुकीचं नाही, अपुरं आहे. किंमत सारखी असते ती मोजताना. मोजण्याआधी मताचे तीन प्रकार पडतात: आपलं, त्यांचं आणि डळमळीत. आपल्या मताला नमस्कार पुरतो. त्यांच्या मताला तोही लागत नाही. डळमळीत मताकडे मात्र चारचाकी जाते, आणि रस्ता नसेल तर जाण्यापुरता मुरूम टाकून जाते.

हे सत्य मोठमोठ्या विद्वानांना ग्रंथ वाचून कळतं. टेंभूरटोल्याला ते हातपंपामुळे कळलं.

टेंभूरटोला सिंदेवाहीपासून बावीस किलोमीटरवर आहे. त्यातले शेवटचे सहा जंगलाचे. एकसष्ट घरं, दोनशे चौदा मतदार, पाणी साठवायच्या दोन बोड्या, एक जुना तलाव आणि पहिली ते चौथीची एक शाळा. लोक पावसाळ्यात धान रोवतात, उन्हाळ्यात मोहफूल वेचतात, तेंदूपान तोडतात आणि उरलेल्या वेळात निवडणुका होतात. हल्ली उरलेला वेळ कमी पडतो.

गावात पक्ष दोनच. त्यांची खरी नावं इथे देत नाही; चिन्हांवरून सूप आणि टोपली म्हणू. सुपाचे पुढारी भैयाजी, टोपलीचे पुढारी बापूजी. दोघेही सज्जन, दोघांच्याही गाडीच्या काचा काळ्या, आणि दोघांनाही झाडीतल्या माणसाबद्दल इतकं प्रेम, की ते आवरायला त्यांना पाच-पाच वर्षं लागतात.

पहिली पस्तीस वर्षं गाव सुपाचं होतं. सगळंच्या सगळं, म्हातारी, अधू, नवी सून धरून. सुपाने गावावर इतका विश्वास ठेवला की एकदाही येऊन खात्री केली नाही. मग एका वर्षी गाव रुसलं आणि सगळंच्या सगळं टोपलीत गेलं. त्यावर सूप दुखावलं म्हणून आलं नाही, आणि टोपली निर्धास्त झाली म्हणून आली नाही. रोवणीच्या बाया बांधीत गुडघाभर चिखलात वाकून तेव्हापासून म्हणतात:

सुपानं पाखडलं, टोपलीनं नेलं,
बांधीच्या धुऱ्यावर तणस तेवढं ठेवलं.

(हे गाणं पुढे दोन्ही पक्षांनी प्रचारात घेतलं. सुपवाल्यांनी टोपली गाळून, टोपलीवाल्यांनी सूप गाळून. तणस, म्हणजे उरलेला पेंढा, दोघांनीही गाळला.)

मग एक भाग्याचं वर्ष आलं. मोहाच्या एका झाडावरून दोन भाऊ भांडले, भावांवरून भावक्या भांडल्या, आणि अर्धं गाव अर्ध्या गावाच्या विरोधात बटण दाबून आलं. निकाल लागला: सूप एकशे एक, टोपली अठ्ठ्याण्णव. आठ दिवसांत भैयाजी आले, अकराव्या दिवशी बापूजी आले. महिन्याच्या आत गावात पहिला हातपंप लागला आणि त्याच्यापासून चौदा हातांवर दुसरा. पहिला सुपाचा, दुसरा टोपलीचा. दुसऱ्याला पाणी फक्त पावसाळ्यात येतं, पण राजकारणात हेतू पाहावा.

गावाने हेतू पाहिला आणि ग्रामसभा बोलावली.

इथल्या ग्रामसभेची रीत जुनी आहे. हात वर करून मोजणं इथे असभ्य समजतात. सगळे एका बोलावर येईपर्यंत मोहाखाली बसायचं. कधी दुपार जाते, कधी दोन दिवस जातात. एकाचं जरी मन नसलं तरी ठराव होत नाही. त्या रीतीने, एक दिवस आणि दोन हंडे चहा एवढ्या खर्चात, टेंभूरटोल्याने एकमताने ठरवलं की यापुढे गावात एकमत ठेवायचं नाही.

अंमलबजावणी मुखरूकडे आली. मुखरू तेंदूच्या हंगामात पुडे मोजणारा मुन्शी. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पुड्यावर नुसतं बोट फिरवून तो सांगतो की यात अडुसष्टच आहेत, दोन पानं आण. असा माणूस दोनशे चौदा मतांत फसत नाही. त्याने तेंदूच्या जुन्या वहीच्या पाठपानांवर नियमावली केली. तिच्यातली मुख्य कलमं अशी:

घरात दोन मतं असतील तर एक सुपाला, एक टोपलीला. कोणी कुठे जायचं हे नवरा-बायकोने आपसात ठरवावं. ठरत नसल्यास मागच्या खेपेच्या उलट. (या कलमाने गावातले तीन संसार वाचले. नवरा-बायकोचं किमान एका बाबतीत मतभेदावर एकमत झालं.)

घरात तीन मतं असतील तर तिसरं मत दुसऱ्या तीनवाल्या घराच्या तिसऱ्याशी जुळवावं. अशा दोघांना ‘जोडीदार’ म्हणावं.

भांडलेल्या भावांनी भांडण मतदानापुरतं मिटवू नये. ते गावाच्या कामाचं आहे.

बल्लारपूरच्या कारखान्यात आणि ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे असलेल्यांनी जोडीनेच यावं. एकटा आलेला नाल्यापलीकडे थांबेल.

मतदार मेल्यास त्याच्या जोडीदाराने त्या दिवशी घरी बसावं.

या शेवटच्या कलमाची कसोटी लवकरच लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी दसरू नावाचा म्हातारा वारला. तो टोपलीचा होता. त्याचा सुपाचा जोडीदार कसल्याही नात्याचा नव्हता, तरी त्याने मतदानाचं सुतक पाळलं आणि दिवसभर बोट कोरडं ठेवून ओसरीत बसला. निकाल: एकशे सहा, एकशे सहा. भल्याभल्या प्रगत देशांत मयताच्या नावावर मत पडतं. टेंभूरटोल्यात मयताच्या नावावर मत थांबलं.

बरोबरीची फळं गोड होती. गावाला समोरासमोर दोन सभामंडप मिळाले. दोन स्वागत कमानी मिळाल्या. एकीतून आत आलं की दुसरी लगेच धन्यवाद म्हणते. अकरा दिवे लागले, सगळे सभामंडपांवर. जंगलाच्या बाजूला उजेड नको, कारण तिकडे मतदार राहत नाहीत. खुली व्यायामशाळाही आली. दिवसभर बैलामागे चालून आलेल्या माणसाने सायंकाळी लोखंडी यंत्रावर उभं राहून चालावं, अशी सोय झाली. यंत्रांवर सध्या पोती वाळतात आणि ती ठणठणीत आहेत.

गावाने मागितलेल्या गोष्टी दोनच होत्या. शेताला जंगलाकडून कुंपण आणि शाळेला दुसरा मास्तर. त्या प्रक्रियेत होत्या. प्रक्रिया ही गोष्ट तलावातल्या कासवासारखी असते: आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, दिसल्याचं कुणी शपथेवर सांगत नाही.

या सगळ्या वैभवाचं मोजमाप सिंदेवाहीत एका माणसाकडे होतं. सादिकभाई शिंपी. निवडणुकीत दोन्ही पक्षांचे झेंडे आणि गळ्यातले दुपट्टे तेच शिवतात. काठ त्यांच्या बायको नजमाबी मारतात. कुठल्या गावाला किती दुपट्टे जातात यावरून वारा कुठला आहे, हे सादिकभाईंना कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या पंडितांच्या पंधरा दिवस आधी कळतं. टेंभूरटोल्याला दर खेपेस एकशे सात सुपाचे आणि एकशे सात टोपलीचे जायचे. पुढे त्यांनीच कापड वाचवायला दुतोंडी दुपट्टा काढला: एका बाजूला सूप, उलटवला की टोपली. उन्हात दोन्ही बाजू सारख्याच विटतात, अशी त्याला त्यांनी हमीही दिली होती.

अशा गावाची कीर्ती अभ्यासकांपर्यंत न पोचती तर नवल. नागपूरहून धनराज नावाचे एक तरुण संशोधक आले. त्यांच्या हातात पाटीएवढा संगणक, पायात जंगलाचे बूट आणि मनात बत्तीस प्रश्न होते. सिंदेवाहीला धानाच्या संशोधन केंद्रात नव्या वाणाची लोंबी जशी बोटांत धरून दाणे मोजतात, तसे ते माणसं मोजत. मुखरूने त्यांना घरोघर नेलं आणि प्रश्नोत्तरांतही बरोबरी राखली. ‘रस्त्याबाबत समाधानी आहात का’ या प्रश्नाला एकशे सात जणांनी हो म्हटलं, एकशे सात जणांनी नाही. (रस्ता नव्हता.)

सहा महिन्यांनी अहवाल आला. ‘डळमळीत ते स्थिर: एका अरण्यकेंद्राचा अभ्यास.’ त्यात चौदा आलेख होते आणि एक निष्कर्ष: गेल्या चार निवडणुकांत या केंद्रावर दोन्ही पक्षांनी कितीही खर्च केला तरी अंतर शून्य राहिलं आहे, सबब खर्च न केला तरी ते शून्यच राहील.

तर्क निर्दोष होता. दोन्ही पक्षांनी अहवाल विकत घेतला आणि दोघांनाही तो पटला. गेल्या पन्नास वर्षांत दोघांना एकच गोष्ट पटल्याचा हा पहिला प्रसंग.

गावाला हे सादिकभाईंकडून कळलं. ते बाजाराच्या दिवशी दुचाकीवर कापडाचा गठ्ठा बांधून आले आणि मुखरूच्या ओसरीत पाणी पिऊन म्हणाले, “मुखरूभाऊ, तुमच्या गावचा कपडा बंद झाला.”

“कोनाचा बंद झाला जी? सुपाचा का टोपलीचा?”

“दोघांचा. भैयाजीचा माणूस म्हणे, टेंभूरटोला फिक्स आहे. बापूजीचा माणूस म्हणे, टेंभूरटोला फिक्स आहे. मी म्हटलं, अरे, फिक्स कोणाकडे आहे? तर दोघं म्हणे, कोणाकडेच नाही, म्हणून तर फिक्स आहे.”

मुखरूने वही उघडून पुन्हा बेरीज केली. हिशेब कुठेही चुकला नव्हता. चुकला असता तर बरं झालं असतं, हे त्याला पहिल्यांदा वाटलं.

त्याच महिन्यात शाळेचं पत्र आलं. पटसंख्या कमी असलेल्या शाळांचं जवळच्या शाळेत समायोजन करावं, असं त्यात होतं. टेंभूरटोल्याच्या शाळेत नऊ लेकरं. जवळची शाळा चिचझरीला, साडेपाच किलोमीटर, मध्ये जंगल. कागदावर मात्र ते अंतर हवाई मोजलं होतं, त्यामुळे तीनच भरलं. (मुलं उडत नाहीत, ही गावाची हरकत नोंदवून घेण्यात आली.) त्या वाटेच्या तोंडाशी वनखात्याची पाटी आहे: ‘बछड्यांसह वाघिणीचा वावर. पायी जाऊ नये.’ म्हणजे एका खात्याने पायी जाऊ नये म्हटलं होतं आणि दुसऱ्या खात्याने पायीच जावं असं ठरवलं होतं. दोन्ही आदेशांवर सही एकाच रंगाच्या शाईची होती.

शाळेत रुखमाबाई खिचडी रांधते. नऊ ताटांची खिचडी, पण ती दहा ताटांची करते. दहावं ताट कुणाला लागेल ते सांगता येत नाही, म्हणते. तिची नात सरिता दुसरीत आहे. सरिताचे आईबाप ऊर्जानगरात ठेकेदाराच्या कामावर, पोरगी आजीकडे. पोरीला वाचायचं वेड असं की मिठाच्या पिशवीवरची अक्षरंसुद्धा वाचून मगच पिशवी फोडते. शाळा बंद झाली तर पोरगी दूरच्या वसतिगृहात जाणार, किंवा वाघिणीच्या वाटेने जाणार, किंवा घरी बसून शेळ्या राखणार. रुखमाबाईने तिन्ही गोष्टींना नाही म्हटलं आणि ग्रामसभा बोलवायला लावली. जिल्हा परिषदेच्या निवडणुका महिन्यावर होत्या, आणि शाळा ज्यांच्या हातात त्यांचीच ती निवडणूक होती.

सभा मोहाखाली भरली. रुखमाबाई उभीच राहिली.

“मुखऱ्या, तुह्या वहीनं गावाले दगड करून टाकलं,” ती म्हणाली. “दगडाले कोन इचारते? हालत असन त्यालेच लोक पाह्यतेत.”

“बाई, मोजून-मोजून हालवतो म्हना तं,” मुखरू म्हणाला. “या खेपेस सुपाले पाच जास्त देऊ. पुढच्या खेपेस टोपलीले.”

“अन् तेही आलेखात धरतीन ते लोक. नाई. या खेपेस वही नाई. ज्याले जसं वाटन तसं त्यानं द्यावं.”

सभेने आधी वहीकडे पाहिलं, मग मुखरूकडे.

“म्हंजे कसं द्यावं जी?” मागून एकाने विचारलं. “मले तं काई वाटतच नाई. वीस वर्सं झाली, मले मुखरूभाऊच सांगते काय वाटते ते.”

“माही बायको या खेपेस टोपलीवर आहे,” दुसरा म्हणाला. “म्हंजे मले सूप वाटत असन.”

“तुले काय वाटते ते बायकोले काऊन इचारतं बे?” रुखमाबाई म्हणाली. “पोटात इचार.”

पोटात विचारायला दुपार गेली. उन्हं कलता कलता सगळे एका बोलावर आले: या खेपेस सर्वांनी, एकमताने, आपापलं मत द्यावं. आणि जो मागायला येईल त्याच्याकडे एकच गोष्ट मागावी, शाळा.

गाव मोकळं सुटल्याची बातमी दुपट्ट्यांच्या वाटेने सिंदेवाहीला गेली, आणि चारचाकी पुन्हा आली. आधी बापूजी आले. त्यांनी शाळा वाचवण्याचं वचन दिलं आणि उशीर होतो म्हणून गाडीतूनच दिलं. मतदानाला दहा दिवस असताना भैयाजी आले. ते शाळेत उतरले, लेकरांच्या पंगतीला बसले, रुखमाबाईच्या हातची खिचडी खाल्ली आणि पुन्हा मागितली. दहावं ताट त्या दिवशी कामी आलं. मग सभामंडपात (सुपाच्या) त्यांनी पाऊण तास भाषण केलं. शाळेची वीटही हलू देणार नाही, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी ही टेंभूरटोल्यात पाहुण्याला पाणी देण्यासारखी गोष्ट आहे, ती सगळेच देतात. पण टाळ्या वाजवता वाजवता प्रत्येकाने डावीउजवीकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला दिसलं की सगळं गाव टाळ्या वाजवतंय.

इथून पुढे जे झालं ते समजायला वीस वर्षांची सवय लक्षात घ्यावी लागेल.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक जण पडद्याआड गेला. प्रत्येकाने पोटात विचारलं. पोट म्हणालं, सगळं गाव तर सुपाकडे चाललं. एवढं सूप जड झालं तर पुन्हा पस्तीस वर्षं कुणी येणार नाही. मी एकटा तरी टोपलीत टाकतो, थोडी बरोबरी राहील. आणि हे आपणच एकटे शहाणे करतोय, या समाधानाने हसत प्रत्येक जण बोट पुसत बाहेर आला.

मतमोजणी तालुक्याला होती. मुखरू केंद्राच्या जाळीबाहेर उभा होता. टेंभूरटोल्याचं यंत्र उघडलं. टोपली दोनशे नऊ. सूप दोन. तीन जण आलेच नव्हते. ते नाल्यापलीकडे जोडीदाराची वाट पाहत राहिले.

“पुन्हा पाहा जी, सायेब,” मुखरू म्हणाला. “यात काईतरी पानं कमी आहेत.”

साहेबांनी पुन्हा पाहिलं. दोनशे नऊ आणि दोन.

त्या दिवशी टेंभूरटोल्याचं नाव पहिल्यांदा दूरदर्शनच्या पडद्यावर आलं. ‘झाडीत लाट’ असं खाली सरकत होतं. धनराज सरांनी स्टुडिओत बसून लाटेची पाच कारणं सांगितली: तरुण मतदारांची आकांक्षा, महिलांचा मूक कौल, रस्त्याबाबतचं समाधान, रस्त्याबाबतचं असमाधान आणि परिवर्तन. नऊ लेकरांची शाळा या यादीत नव्हती, कारण ती बत्तीस प्रश्नांत नव्हती. घरोघरी दरवाजाआड एकच संवाद चालला होता.

“तुमी तं सुपाले देनार होते ना जी?”

“तू देनार होती म्हनून मी नाई देल्लो.”

आता शाळेचं काय, हा प्रश्न उरला. मुखरू टोपलीच्या बापूजींकडे गेला. बापूजींनी त्याला मिठी मारली. “टेंभूरटोला म्हणजे माझं घर,” ते म्हणाले. “दोनशे नऊ. घरच्या माणसाशी का हिशेब करायचा असतो, मुखरू? आधी बाहेरच्यांचं करू. पलीकडच्या गावात आपल्याला अकरा मतं कमी पडली; तिथे पहिले शाळेची खोली देऊन टाकतो.” मुखरूला निघताना कळलं, पस्तीस वर्षं कशी जातात ते.

रुखमाबाई सुपाच्या भैयाजींकडे गेली. ती बावीस किलोमीटर आली होती, अर्धी पायी, अर्धी दुधाच्या गाडीत. भैयाजी अंगणात खुर्चीवर बसून होते, दाढी वाढलेली.

“भैयाजी, तुमाले आमच्या गावात दोन मतं पडली,” ती म्हणाली. “त्यातलं एक माहं होये.”

भैयाजींनी तिच्याकडे पाहिलं. “बाई, आतापर्यंत टेंभूरटोल्याची त्रेसष्ट माणसं येऊन गेली. प्रत्येकाचं त्या दोनांत एक मत आहे. तुम्ही चौसष्टाव्या.”

“ते खोटं बोलून राह्यले जी. मी खरं सांगतो.”

“तेही असंच म्हणाले.”

“मी काऊन देल्लं ते तं इचारा. तुमी मांडी घालून लेकरायसंगं जेवले. पुन्हा मांगून जेवले. माह्या पोटानं तेवढंच धरलं.”

खिचडीची आठवण भैयाजींना नक्की झाली असावी, कारण त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, “खरं असेलही बाई. पण मला दाखवायचं कसं? यंत्रात तुमचं नाव नाही. आणि दोन मतांसाठी भांडलो तर वरचे म्हणतील, हा वेडा झाला.” त्यांनी तिच्या जाण्याच्या भाड्याची विचारपूस केली. ते नको म्हणून ती उठली.

गुप्त मतदान ही लोकशाहीची मोठी देणगी आहे. तुम्ही कुणाला मत दिलं हे कुणाला कळत नाही. आणि कळावं असं वाटलं तरी कळत नाही.

शाळा जूनमध्ये बंद झाली. इमारत मात्र बंद झाली नाही, हे प्रशासनाच्या दूरदृष्टीला धरून झालं. विद्यार्थी नसतील तर शाळा नको, पण मतदार आहेत तोवर मतदान केंद्र हवंच. आणि केंद्राला किमान सुविधा लागतात. म्हणून ज्या इमारतीला बारा वर्षं दुसरा मास्तर मिळाला नाही, तिला दिवाळीआधी चाकाच्या खुर्चीसाठी उतार मिळाला, दोन पंखे मिळाले, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि दार असलेला संडास मिळाला. भिंतींना नवा चुना बसला. बारमाही कुलूप आहे, चाव्या सुरक्षित आहेत. तालुक्यातलं आदर्श केंद्र म्हणून तिचा फोटोही छापून आला. फोटोत एकही माणूस नाही, त्यामुळे तो फार स्वच्छ दिसतो.

नऊ लेकरांपैकी चार वसतिगृहात गेली, चार घरी राहिली. सरिता चिचझरीला जाते.

म्हणजे रुखमाबाई नेते. सकाळी उन्हं तेंदूच्या पानांवर आली की दोघी निघतात. पाटीपाशी आल्यावर रुखमाबाई पिशवीतून शाळेचं जुनं ताट काढते आणि चमच्याने वाजवत चालते, वाघिणीला कळावं म्हणून की माणूस येतंय. सरिता मागून पाढे म्हणते, मोठ्याने. बे एके बे, ताट. बे दुणे चार, ताट. पळसाच्या झाडीतून तो आवाज असा जातो, जणू कुणी लग्नाची वरात फार लहान केली आहे. चिचझरीला पोरगी वर्गात जाते आणि आजी बाहेर कडुनिंबाखाली बसते, शाळा सुटेपर्यंत. परत एकटी जाऊन पुन्हा येणं म्हणजे ताट चार वेळा वाजवणं, आणि हात दुखतो. रोज बसूनच राहायचं तर नुसतं कशाला, म्हणून ती तिथल्या खिचडीवाल्या बाईला तांदूळ निवडून देते. दिवसभर ती चिचझरीचीच असते.

म्हणून तिने मतदार यादीतलं नावही तिकडे हलवायचा अर्ज भरला. अर्ज सरितानेच लिहिला, सुंदर अक्षरात. कारणाच्या रकान्यात ‘शाळा’ असं लिहिलं. तिथे एवढ्याशा उत्तराची पद्धत नाही, तरी अर्ज मंजूर झाला.

ही नोंद धनराज सरांच्या नजरेतून सुटली नाही. पुढच्या अहवालात टेंभूरटोल्यातून शून्य पूर्णांक सत्तेचाळीस टक्के मतदार सरकल्याचं आलं, आणि कारण शोधायला ते स्वतः कडुनिंबाखाली आले.

“तुम्ही पक्ष बदलला का, आजी?” त्यांनी विचारलं.

“नाई, बाबू. पक्ष तिथीच आहेत दोनी,” ती तांदळातला खडा बाजूला काढत म्हणाली. “मी सरकून राह्यलो फकस्त.”

धनराज सरांनी ‘उत्तर अस्पष्ट’ अशी नोंद केली.

हा सर्व वृत्तांत आम्ही सिंदेवाहीत, बल्लारपुरात आणि नागपुरातही काही जाणत्या लोकांना सांगून पाहिला. सगळ्यांनी मन लावून ऐकला. शेवटी प्रत्येकाने थोडं पुढे झुकून, आवाज खाली आणून दोन प्रश्न विचारले: सूप म्हणजे नेमका कोणता पक्ष, आणि मग गटात निवडून कोण आलं? एकाने तर पैज लावून सूप ओळखलंही. तुम्हीही पहिल्या पानापासून तेच करत आला असाल, आणि बहुधा बरोबर ओळखलं असेल. सरिता आज घरी पोचली का, हे अजून कोणीच विचारलेलं नाही.